दगडधोंड्यातली आरसी: गाडी कोणती घ्यायची आणि पैसे आधी कुठे घालायचे?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

रिमोटवर चालणाऱ्या (आरसी) ऑफ-रोड गाड्यांबद्दल एवढी पत्रं आलीत की या वेळचं सदर पूर्ण त्यांनाच दिलंय. बऱ्याच जणांचे प्रश्न सारखेच होते म्हणून त्यातले निवडक घेतलेत, नावं न देता.

प्रश्न: नमस्कार. मी साताऱ्याचा. लहानपणापासूनचं रिमोटच्या गाडीचं वेड आता स्वतःच्या पगारातून पुरं करतोय, पहिली मोठी गाडी घ्यायचीये, १:१० स्केलची, म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याची. आमच्याकडे कातळ, दगडगोटे, माळरान आणि पावसाळ्यानंतर गुडघाभर गवत. दुकानदार म्हणतो मॉन्स्टर ट्रक न्या, मित्र म्हणतो क्रॉलर घे, व्हिडिओत सगळे शॉर्ट कोर्स ट्रक उडवताना दिसतात. नेमकं काय घेऊ? सुट्टीत कासच्या पठारावर चालवायचाही विचार आहे.

उत्तर: तुम्ही आधी जमीन सांगितलीत हे फार बरं झालं, कारण बहुतेक पत्रांत पहिला प्रश्न स्पीडचा असतो आणि जमिनीचा पत्ताच नसतो. गाडी जमिनीवरून ठरते, हे एवढं पक्कं धरा म्हणजे पुढचं सोपं आहे.

शॉर्ट कोर्स ट्रक, म्हणजे ट्रॅक्ससच्या स्लॅशसारखे, हे कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोच्या बाहा भागातल्या वाळवंटी रेसच्या मोठ्या ट्रकवरून आलेत. बॉडी चाकांवरून पूर्ण येते, पोट जमिनीजवळ, मातीच्या ट्रॅकवर वळणात मस्त चालतात, पण गोट्यांमध्ये पोट अडकतं, उंच गवतात बॉडी गवत गोळा करते आणि उडी मारली की रुंद बॉडीखाली हवा भरून नाक वर जातं. तुमच्याकडे नको. मॉन्स्टर ट्रक, म्हणजे स्टॅम्पीड किंवा आर्माचा ग्रॅनाइट वगैरे, उंच असतात, टायर मोठे, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, मोकळ्या मुरमाड मैदानावर, उतारावर, उड्या मारायला यांच्यासारखी मजा नाही, फक्त घेताना फोर बाय फोरच घ्या, टू-व्हील मॉडेल खडबडीत चढावर मागचं चाक फिरवत बसतं. आणि क्रॉलर, म्हणजे टीआरएक्स-४, अ‍ॅक्सियलचा एससीएक्स१० ही मंडळी, माणूस चालतो त्या वेगाने जातात, कधी त्याहून हळू, पण जिथे माणसाला हात टेकून चढावं लागतं तिथे चढतात. यांच्यात पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल असतो आणि डिफ (डिफरन्शियल, दोन चाकांत ताकद वाटणारे गिअर) लॉक असतात, म्हणजे एक चाक हवेत असलं तरी दुसऱ्याला ताकद मिळतच राहते. टीआरएक्स-४ मध्ये डिफ रिमोटवरून लॉक-अनलॉक होतात, दोन गिअर आहेत आणि पोर्टल अ‍ॅक्सल आहेत, म्हणजे चाकापाशी आणखी एक गिअरजोडी बसवून अ‍ॅक्सल चाकाच्या मध्याच्या वर उचललाय, त्यामुळे डिफचा गोळा दगडाला घासत नाही.

तुमच्या वर्णनावरून मी तुम्हाला क्रॉलर सुचवेन. वेगाची हौस असेल तर ती दुसऱ्या गाडीत भागवा. आणि ब्रँड निवडताना दुकानदाराला एकच विचारा, की या मॉडेलचा ड्राइव्हशाफ्ट (मोटरची ताकद चाकांकडे नेणारा दांडा) आणि सर्व्हो हॉर्न (सर्व्हो म्हणजे स्टीअरिंग वळवणारी मोटर, तिच्यावरचा छोटा हात) आत्ता तुमच्याकडे आहे का. काउंटरवर काढून दाखवला तर घ्या, "मागवून देतो" म्हणाला तर दुसरं दुकान बघा. ऑफ-रोड गाडी मोडणारच, आणि एका छोट्या पार्टसाठी महिनाभर कपाटात पडून राहिली की हौस विरते.

कासबद्दल मात्र स्पष्ट सांगतो, तिथे नको. पश्चिम घाटातली जी ठिकाणं २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली त्यात कास आहे, आणि तिथली फुलं कातळावरच्या बोटभर मातीच्या थरात उगवतात. तो थर एकदा खरवडला गेला की परत बनायला किती काळ लागेल याचा विचार करा. साताऱ्याच्या आसपास उघडा माळ भरपूर आहे, मालकाला विचारून तिथे चालवा.

प्रश्न: दादा, मी नववीत आहे, जळगावला. माझ्याकडे १:१२ ची फोर बाय फोर चायना गाडी आहे, ब्रश मोटर, २ सेलची बॅटरी. मला ब्रशलेस मोटर आणि ३ सेल लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) टाकायचीये. क्लासमधला एक जण म्हणतो स्पीड डायरेक्ट डबल होईल. वाढदिवसाचे पैसे साठवलेत. टाकू का?

उत्तर: थांब जरा, पैसे खर्च करायच्या आधी एक गणित कर. ब्रशलेस मोटरवर, म्हणजे आत कार्बनचे ब्रश नसलेल्या मोटरवर, केव्ही म्हणून आकडा असतो, तो म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे. समजा ३५०० केव्हीची मोटर आहे. २ सेल म्हणजे ७.४ व्होल्ट, ३५०० गुणिले ७.४ म्हणजे २५,९०० फेरे. ३ सेल म्हणजे ११.१ व्होल्ट, फेरे ३८,८५०. म्हणजे २ ऐवजी ३ सेल टाकून डबल नाही, दीडपट. पण टक्कर झाल्यावर जो दणका बसतो तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे तुला विज्ञानात आलं असेल किंवा येईल, म्हणून वेग दीडपट झाला की दणका सव्वादोनपट. तो दणका आणि त्या मोटरची ओढ कोण सोसणार? तुझ्या गाडीतले ते छोटे डिफ गिअर, प्लॅस्टिकचे ड्राइव्ह कप (शाफ्टचं टोक अडकतं त्या वाट्या) आणि नाजूक शाफ्ट. ते ब्रश मोटरच्या हिशोबाने बनवलेत. मोटर टाकशील, पहिल्या उडीत डिफ जाईल, डिफ बदलशील मग शाफ्ट जाईल, असे पैसे एकामागे एक जात राहतात.

त्यामुळे तुझ्या पैशाचा क्रम मी असा लावेन. पहिलं काम, गाडीत बेअरिंगच्या जागी पितळी किंवा प्लॅस्टिकच्या बुश असतील तर सगळ्या काढून बेअरिंग टाक, फार महाग नसतात, गाडी मोकळी फिरायला लागते आणि त्याच बॅटरीत जास्त वेळ चालते, हे केल्यावर तुलाच फरक कळेल. मग चांगले टायर, आत फोम असलेले. मग शॉक्समध्ये तेल आहे का बघ, स्वस्त गाड्यांत बरेचदा कोरडेच असतात, नुसती स्प्रिंग, म्हणून गाडी उडी मारून खाली आली की परत चेंडूसारखी उसळते. तेलाचे शॉक्स बसव. त्यानंतर धातूचे डिफ गिअर आणि स्टीलचे शाफ्ट. एवढं झाल्यावर ब्रशलेसचा विचार कर, तोही २ सेलवरच.

मोटर कधीही काढलीस-बसवलीस तर पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) आणि स्पर (त्याला लागणारा मोठा गिअर) यांच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घाल, दोन्ही गिअर एकमेकांना दाबून स्क्रू घट्ट कर आणि पट्टी फिरवून बाहेर काढ. पट्टीवर घडीच्या खुणा दिसल्या पाहिजेत पण कागद फाटता कामा नये. फाटला तर गिअर जास्त जवळ आहेत. मग स्पर हाताने हलवून बघ, किंचित टकटक जाणवली पाहिजे.

आणि लायपो बाबांना सोबत घेऊनच चार्ज कर. बॅलन्स चार्जरवरच, प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला फुल, ३ च्या खाली कधीच नाही, म्हणून स्पीड कंट्रोलरला (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा डबा) लायपोचा कट-ऑफ, म्हणजे बॅटरी उतरली की आपोआप बंद करायची सोय, आहे का ते आधी बघ. आठवडाभर चालवणार नसशील तर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेव, चार्जरमध्ये स्टोरेज म्हणून पर्याय असतो. फुगलेली बॅटरी चार्ज करायची नाही, दाबून सपाट करायची नाही, भोक तर अजिबात पाडायचं नाही. गादीवर किंवा सोफ्यावर ठेवून चार्जिंग नको, फरशीवर, आणि चार्जिंग चालू असताना ट्यूशनला निघून जायचं नाही.

प्रश्न: मी पुण्यात असतो, आयटीत. मागच्या दिवाळीत क्रॉलर घेतला, आहे तसाच चालवतो. सोपे चढ चढतो पण जरा उभा दगड आला की पुढची चाकं उचलली जातात आणि गाडी मागे पालथी. टायर गुळगुळीत कातळावर घसरतात आणि दोन दगडांत चाक अडकलं की स्टीअरिंग वळतच नाही. अपग्रेडची यादी एवढी मोठी आहे की सुरुवात कुठून करावी कळत नाही. बजेट एकदम नाही, दर महिन्याला थोडंथोडं.

उत्तर: तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण तीन दुखणी वेगवेगळी ओळखून लिहिलीत, आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे. यातल्या एकाचाही मोटरशी संबंध नाही, ती आहे तीच राहू द्या.

पालथी पडणं हा वजनाचा प्रश्न. गाडीचं वजन मागे आणि वर असेल तर चढावर पुढचा भाग हलका होतो, त्यामुळे वजन पुढे आणि खाली आणायचं. बॅटरी मागे असेल आणि चेसिसमध्ये जागा असेल तर पुढे घ्या, याला एक रुपया लागत नाही, म्हणून आजच करा. छतावरचं कॅरिअर, खोटे कॅन, स्टेपनी, दिसायला झकास पण सगळं उंचावर, तर ते काढा किंवा अगदी हलकं ठेवा. मग पितळेचे पार्ट. पुढच्या चाकाजवळचे नकल (चाक वळतं तो सांधा), पोर्टल असेल तर त्याचं कव्हर, किंवा चाकाच्या आत बसणारी पितळी रिंग. वजन चाकापाशी आणि अ‍ॅक्सलवर टाकायचं, चेसिसवर नाही, कारण चेसिसवरचं वजन स्प्रिंगवर येतं आणि उतारावर गाडी त्या बाजूला कलंडते. साधारण साठ टक्के वजन पुढे आणि चाळीस मागे असं धरून चला. घरी दोन किचन वजनकाटे असतील तर पुढची चाकं एकावर, मागची दुसऱ्यावर ठेवून बघता येतं. पितळ एकदम सगळं नका घेऊ, पुढचं घ्या, चालवा, मग ठरवा. मागे सहसा लागत नाही.

घसरण्यावर टायर, आणि टायरमध्ये नुसती नक्षी नाही तर रबर किती मऊ आहे ते बघायचं. आपल्याकडचा कातळ बेसॉल्ट आहे, चिवट आणि झिजून गुळगुळीत झालेला, त्यावर कडक रबर सटकतं आणि मऊ रबर चिकटतं. मऊ टायर झिजतो लवकर पण क्रॉलरचा वेगच एवढा कमी की बरेच दिवस टिकतो. १.९ इंची चाकासाठी चांगल्या कंपन्यांचे सुपर सॉफ्ट टायर मिळतात. आता खरी गंमत टायरच्या आतल्या फोममध्ये आहे, ज्याकडे कोणी बघत नाही. कंपनीचा फोम बरेचदा एकतर फार कडक किंवा फार भुसभुशीत. दोन थरांचा फोम घ्या, आत कडक बाहेर मऊ, म्हणजे टायर दगडाच्या कडेला मिठी मारतो पण तिरक्या उतारावर बाजूला दबत नाही. रिम बीडलॉकचे असले तर टायर चिकटवावा लागत नाही, स्क्रूने आवळतात, फोम बदलून बदलून बघता येतो. आणि टायरला किंवा रिमला हवा जायला भोक हवं, नाहीतर आत हवा कोंडून टायर फुग्यासारखा ताठ राहतो.

स्टीअरिंग न वळणं म्हणजे सर्व्हो कमी पडतोय. मेटल गिअरचा, २० किलो-सेंटिमीटर ताकदीच्या पुढचा सर्व्हो घ्या, पण घेतल्यावर तो आहे त्या कंट्रोलरला लावून थांबू नका, कंट्रोलर सर्व्होला किती व्होल्ट आणि किती करंट देतो ते बघा. जड सर्व्हो जोरात ओढायला लागला आणि करंट पुरला नाही की रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा डबा) क्षणभर बंद पडतो, गाडी झटका खाते, आणि लोक सर्व्होला दोष देतात. अशा वेळी वेगळा बीईसी लावायचा, छोटी वस्तू आहे, बॅटरीवरून थेट सर्व्होला ६ किंवा ७.४ व्होल्ट देते, जेवढं सर्व्होवर लिहिलंय तेवढंच सेट करा. हॉर्नसुद्धा धातूचा घ्या, प्लॅस्टिकच्या हॉर्नचे दात पहिल्याच अडकलेल्या दगडात जातात.

म्हणजे पहिल्या महिन्यात बॅटरी पुढे आणि टायर-फोम, पुढच्या महिन्यात सर्व्हो, त्यानंतर पितळ. एवढ्यानंतर शॉक्सचं तेल थोडं पातळ करून बघा, चाकं दगडावर हळूच पसरायला हवीत. मोटर बदलायचीच झाली तर शेवटी, आणि तेव्हा सेन्सरवाली ब्रशलेस बघा, ती अगदी कमी वेगातसुद्धा अडखळत नाही.

वेताळ टेकडीवर चालवत असाल तर सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या पायवाटेवर नको, बाजूच्या दगडांवर. आजी-आजोबांच्या पायात गाडी आली की दुसऱ्या दिवशी सगळ्यांनाच बंदी होते.

प्रश्न: अकोल्याहून लिहितोय. मॉन्स्टर ट्रक आहे, ब्रशलेस, मस्त चालायचा. मागच्या महिन्यात मोठे टायर टाकले कारण आमच्या शेतात ढेकळं आणि भेगा. आता दहा मिनिटांत मोटर हात लागत नाही इतकी तापते आणि गाडी आपोआप बंद. मोटर गेली का?

उत्तर: बहुतेक नाही गेली, आणि कारण तुम्हीच पत्रात लिहिलंय, मोठे टायर. टायरचा घेर वाढला की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते, म्हणजे वरचा गिअर टाकल्यासारखं होतं, मोटरवर ओढ वाढते. त्यावर टायरचं जादा वजन, आणि काळी माती ओली असेल तर ती टायरला थरावर थर चिकटते, मग तर विचारायलाच नको. कंट्रोलर तापल्यावर स्वतःला बंद करतो, ते त्याचं कामच आहे, तो उपकार समजा.

पिनियन एक-दोन दात कमीचा टाका. टॉप स्पीड थोडा जाईल पण मोटर वाचेल, आणि ढेकळांत टॉप स्पीड लागतोच कुठे. दर वेळी एकच दात कमी करून पाच मिनिटं चालवा आणि तापमान बघा, छोटा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, अंदाजाने हात लावून कळत नाही. मोटर बाहेरून साधारण ८० अंशांच्या खाली राहिली पाहिजे. तुमच्याकडे मे महिन्यात हवाच ४५ ला टेकते, त्यामुळे दुपारी चालवूच नका, सकाळी लवकर चालवा, मोटरवर हीटसिंक आणि पंखा बसवा, आणि दोन बॅटऱ्यांच्या मध्ये गाडी सावलीत पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या. लायपो उन्हात उभ्या कारमध्ये ठेवू नका, डिकीत तर नाहीच. माती चिकटली तर वाळल्यावर ब्रशने काढा, ओली असताना धुतलीत की चिखल बेअरिंगमध्ये जातो.

प्रश्न: आम्ही दापोलीचे. मुलाला वॉटरप्रूफ म्हणून सांगून ट्रक विकला, पुळणीवर चालवला, लाटेतून दोनदा गेला. आठवड्याने चाकं जाम, स्क्रू लाल. दुकानदार म्हणतो वॉरंटीत नाही. वॉटरप्रूफ म्हणजे नेमकं काय मग?

उत्तर: वॉटरप्रूफ असतं ते इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे कंट्रोलर, सर्व्हो आणि रिसीव्हरचा डबा. ही कल्पना जुनी आहे, टामियाने १९७९ साली सँड स्कॉर्चर काढला त्यातही रेडिओ सीलबंद डब्यात होता. पण बेअरिंग, स्क्रू, शाफ्ट, मोटरचे कार्बन, हे उघडेच, आणि खाऱ्या पाण्यासमोर यातलं काही टिकत नाही. पाऊस, ओहोळ चालेल. समुद्र नको.

आता झालंय त्यावर उपाय. चाकं काढा, सगळी बेअरिंग बाहेर काढा, जी हाताने फिरत नाहीत ती फेका, त्या मापाची रबर सीलची नवी आणा, मापं गाडीच्या पुस्तकात असतात. गंजलेले स्क्रू एक-एक करून स्टेनलेसचे टाका. पुढे कधी पुळणीवर नेलंच तर कोरड्या वाळूत, लाटेपासून लांब, घरी आल्या-आल्या गोड्या पाण्याने धुवा, हवेने झटका, पाणी हटवणारा स्प्रे मारा आणि वाळल्यावर बेअरिंगला एक-एक थेंब हलकं तेल. कोरड्या वाळूत मोटरवर ओढ खूप येते, म्हणून अकोल्याच्या उत्तरातला लहान पिनियन तुम्हालाही लागू.

अजून एक, मनापासून विनंती. तुमच्याच तालुक्यातल्या आंजर्ल्याला आणि तिकडे मंडणगडात वेळासला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत घरटी आणि पिल्लं असतात. त्या दिवसांत त्या किनाऱ्यांवर गाडी अजिबात नको. वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर न्या, जांभा दगडावर टायर छान पकडतो, लाल धूळ बसते तेवढी घरी आल्यावर झटकायची.

प्रश्न: ठाण्याहून एक आई. माझे दीर अमेरिकेहून येताना आठ वर्षांच्या मुलासाठी गाडी आणणार आहेत. बॅटरी विमानात चालते का? आणि एवढ्या लहान मुलाला कोणती सांगू?

उत्तर: ताई, सुटी बॅटरी चेक-इन बॅगेत चालत नाही, हातातल्या बॅगेतच, टोकांना टेप लावून. १०० वॉट-तासांपर्यंत सहसा अडचण नसते, आणि २ सेल ५००० एमएएच म्हणजे ७.४ गुणिले ५, ३७ वॉट-तासच होतात. तरी दिरांना एअरलाइनचा नियम बघायला सांगा. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय का हेही बघायला सांगा, नुसतं ११० असेल तर आपल्या प्लगमध्ये लावल्या-लावल्या जळेल.

आठ वर्षांच्या मुलाला पळणारा ट्रक नको, तीन-चार किलोची गाडी वेगात घोट्यावर आली तर मोठ्यांनाही लागतं. १:२४ चा छोटा क्रॉलर सांगा, एससीएक्स२४ सारखा. सोसायटीच्या बागेतले दगड, घरातल्या उशा आणि पुस्तकं, सगळ्यावर चढतो, पडला तरी काही होत नाही. मोठी गाडी आधीच ठरली असेल तर वेग निम्म्यावर आणायची सोय आहे का विचारा, ट्रॅक्ससच्या बऱ्याच गाड्यांत ट्रेनिंग मोड असतो.

प्रश्न: नाशिकहून. बॅशरचे (उड्या मारायच्या, आदळआपटीच्या गाडीचे) पुढचे प्लॅस्टिकचे आर्म, म्हणजे चाक धरणारे सस्पेन्शनचे हात, दोनदा तुटले. अ‍ॅल्युमिनियमचे टाकू का, कायमचा प्रश्न मिटेल?

उत्तर: मिटणार नाही, पुढे सरकेल. प्लॅस्टिकचा आर्म वाकतो आणि परत येतो, फारच झालं तर तुटतो, अ‍ॅल्युमिनियमचा वाकला की वाकलेलाच राहतो, आणि नाही वाकला तर तो धक्का बल्कहेडला (आर्म ज्यावर बसतो तो भाग) किंवा चेसिसला जातो, जो बदलायला अख्खी गाडी उघडावी लागते. आरपीएमसारख्या कंपनीचे जाड नायलॉनचे आर्म घ्या, ते भरपूर वाकतात. धातू हवा तो चाकाच्या हेक्सला (चाक ज्यावर बसतं तो षटकोनी तुकडा), शॉकच्या झाकणांना, सर्व्हो हॉर्नला, आणि स्टील हवं ड्राइव्हशाफ्टला. आर्मच्या पिना मात्र नवीन आर्म बसवताना सपाट काचेवर लोळवून बघा, एकही वाकडी असेल तर तीही बदला, नाहीतर नवा आर्म अडकून चालेल आणि तिसऱ्यांदा तिथेच तुटेल.